फोन लॉकरमध्ये, ओटीपी फोनमध्ये

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी. कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात जा, रजेचा कागदी फॉर्म आता सहसा मिळत नाही. रजा ॲपवर टाकायची, पगारपत्रक ॲपवर बघायचं, शिफ्ट बदलली की ॲपवरच कळणार. ऑफिसात बसणाऱ्या पन्नास-साठ जणांचं यात काही अडत नाही. समोर लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, वाय-फाय, आणि फोन टेबलावर पालथा पडलेला. शॉप फ्लोअरवरच्या पाच-सहाशे जणांचा फोन मात्र त्या वेळी गेटजवळच्या लॉकरमध्ये बंद असतो. हे सहाशे जण ॲप वापरत नाहीत, म्हणून त्यांना ट्रेनिंग द्या, असा ठराव दर सहा महिन्यांनी होतो.

"आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत हो," हे अशा बैठकीतलं ठरलेलं वाक्य. ते बऱ्याच अंशी खरं आहे आणि घोळ त्याच्यामुळेच होतो. फोन आहे, पण तो त्याच्या एकट्याचा आहे का? नंबर स्वतःच्या नावावर आहे का? रिचार्ज चालू आहे का? कामाच्या वेळी फोन हाताशी असतो का? आलेला निरोप वाचता येणाऱ्या लिपीत असतो का? या पाचांपैकी एकाचं जरी उत्तर "नाही" असं आलं तरी तो माणूस कंपनीच्या लेखी "कळवलेला" आणि प्रत्यक्षात कोरा राहतो.

म्हणून कुठलंही ॲप घेण्याआधी मोजणी करा. ती ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून फॉर्म भरून घेऊन करू नका. तो विचारतो, "स्मार्टफोन आहे ना? व्हॉट्सॲप आहे ना?" आणि समोरचा सगळ्याला हो म्हणतो, कारण नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती असते. कँटीनबाहेर किंवा लॉकरपाशी टेबल टाका आणि कामगाराला तिथल्या तिथे एका ठरावीक नंबरावर मिस्ड कॉल द्यायला सांगा. एवढ्यात तीन गोष्टी कळतात: फोन खरंच जवळ आहे, आउटगोइंग चालू आहे, आणि टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी-पाळीची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, नोंदीतला नंबर हाच आहे. मग दोनच प्रश्न विचारायचे: हा फोन घरी आणखी कोण वापरतं, आणि तुम्हाला वाचायला मराठी सोपं जातं, हिंदी, की आणखी काही? माणशी दोन मिनिटं लागतात. सहाशे जणांना वीस तास, म्हणजे दोन कारकुनांचं दीड दिवसाचं काम. ज्या सॉफ्टवेअरला वर्षाला लाखो रुपये जातात, त्याच्या आधी हे दीड दिवस काढायला कोणी तयार नसतं.

आता ओटीपीकडे या, कारण सगळ्यात जास्त तास तिथेच वाया जातात. पीएफचं ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन वारसनोंद घ्या. शेवटी आधारवरून ई-साइन करायची, त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो आणि तो 10 मिनिटं चालतो. कारकून कामगाराला लाइनवरून बोलावतो. फोन लॉकरमध्ये, लॉकर गेटशी, गेट शेडपासून दोनशे मीटर. सुपरवायझरची परवानगी, सिक्युरिटीच्या वहीत नोंद, कुलूप, जुना फोन सुरू व्हायला दोन मिनिटं. फोन घेऊन माणूस शेडमधल्या टाइम ऑफिसात परत येतो तोवर रेंज गेलेली, कारण लोखंडी सांगाडा आणि चारी बाजूंनी पत्रा असलेल्या शेडमध्ये मोबाईलचा सिग्नल जेमतेम शिरतो. पुन्हा ओटीपी मागवायचा तर पहिला बाद. तोवर लाइन लीडर हाका मारायला लागलेला असतो. "उद्या बघू" म्हणून सोडून दिलेलं ते नॉमिनेशन महिनोन्महिने तसंच राहतं, आणि माणूस दगावला तर घरचे वारसाच्या कागदांसाठी हेलपाटे घालत बसतात.

उपाय साधा आहे. ओटीपी लागणारी सगळी कामं गेटबाहेर, लॉकरच्या शेजारी, उघड्यावर करा. आठवड्यातला एक दिवस ठरवा, शिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपासून बसा, आणि तो वेळ हजेरीत धरा. हजेरीत धरला नाही तर कोणी लवकर येत नाही, आणि का यावं? येण्याआधी आधारला कुठला नंबर जोडलाय तो बघून ठेवा. आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वैध आहे का हे तपासायची सोय आहे. त्यात बारा आकडे आणि कॅप्चा टाकला की जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. त्याला ओटीपी लागत नाही. कामगाराला विचारून, त्याच्यासमोर आदल्या दिवशी हे पाहून घेतलं की कोणाचा नंबर जुना आहे ते आधीच कळतं आणि दुसऱ्या दिवशी रांग अडून राहत नाही.

जुन्या नंबराचा प्रश्न फार मोठा आहे. बिहार, झारखंड, ओडिशा किंवा आपल्याच नांदेड-हिंगोलीकडून आलेला मुलगा इथे आला की नवं सिम घेतो, कारण कुठल्यातरी दुकानात ते फुकट मिळतं. गावाकडच्या नंबराचं रिचार्ज थांबतं. आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग, मग एसएमएस, आणि शेवटी नंबर कापला जातो. कापलेला नंबर भारतात किमान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर मात्र देतात. म्हणजे एका वर्षापूर्वी भरून घेतलेल्या यादीतल्या काही नंबरांवर आज भलतीच माणसं आहेत, आणि कंपनी त्यांना इमानेइतबारे पगाराचे आकडे पाठवते आहे. हाच नंबर पगाराच्या बँक खात्याला जोडलेला असेल तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. म्हणून तो मिस्ड कॉल दर तीन महिन्यांनी पुन्हा मागवा. पंधरा दिवस मुदत द्या. ज्यांचा आला नाही त्यांची नावं टाइम ऑफिसला द्या, आणि त्यांना तोंडी विचारा. फक्त एक करू नका: मिस्ड कॉल न देणाऱ्याची हजेरी अडवू नका. ती अडवलीत की पुढच्या खेपेला सगळे शेजाऱ्याच्या फोनवरून कॉल करतील.

रिचार्जचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न बैठकीत कोणीच काढत नाही. 28 दिवसांचं पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. समजा दोनशेचं पॅक धरलं तर वर्षाचे 2600 रुपये. ऑफिसातल्या मॅनेजरचं बिल कंपनी भरते, कारण "कामासाठी लागतो". रजा, पगार, शिफ्ट, बस हे सगळं फोनवर टाकल्यावर हेल्परलाही तो कामासाठीच लागतो ना? सगळ्यांना पूर्ण पॅक देणं जमत नसेल तर निदान इनकमिंग आणि एसएमएस चालू राहतील एवढं तरी द्या. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मोबाईल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसची, डेटा नसलेली पॅक ठेवायला सांगितलं, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत नेता येते. अशी पॅक दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागावी लागतात.

एसएमएस हा शब्द ऐकून आयटीवाले नाक मुरडतात. पण बटणाच्या फोनवर, डेटा संपलेल्या फोनवर, पोचतो तो एसएमएसच. अडचण भाषेची आणि हिशेबाची आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. देवनागरीत 70. आणि संदेश लांबला, तुकड्यांत गेला, की तुकड्याला 153 च्या जागी 67 च. त्यातही मोजणी आपल्या डोळ्यांनी होत नाही. "रात्रपाळी" आपल्याला चार अक्षरी दिसते. यंत्र काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं मोजतं आणि नऊ चिन्हं धरतं. बिल तुकड्यांवर लागतं, म्हणून खरेदी विभाग म्हणतो इंग्रजीतच पाठवा.

इथे मराठीचा दोष कमी आणि आपल्या सरकारी छापाच्या मराठीचा जास्त. हे बघा: "सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की तांत्रिक कारणास्तव दिनांक 14 रोजी..." इथे, बरोबर "रोजी"पाशी, 70 चिन्हं संपली. काय बंद आहे, कधी यायचं, बस आहे की नाही, सगळं अजून यायचंय. आता हे बघा: "14 ची रात्रपाळी बंद. बस नाही. रविवारी भरून काढायची. टाइम ऑफिस". स्पेस धरून 61 चिन्हं. उरलेल्या नवात कंपनीचं छोटं नाव बसतं. एका एसएमएसच्या पैशात पूर्ण निरोप, आणि तोही माणसासारखा.

कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी लागते: संस्थेची, पाठवणाऱ्याच्या सहा अक्षरी हेडरची (संदेशावर दिसणाऱ्या नावाची), आणि प्रत्येक संदेशाच्या साच्याची. साच्यात बदलता भाग, म्हणजे तारीख, शिफ्टचं नाव, बसचा नंबर, यांच्या जागा सोडायच्या आणि बाकीचा मजकूर जसाच्या तसा जायला हवा. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की संदेश वाटेतच टाकला जातो. मराठीत हे विशेष बोचतं. "कर्मचाऱ्यांना" मधला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो, "ॲप" मधला ॲ कधी एका चिन्हाचा असतो, कधी अ वर चंद्र ठेवलेला. पडद्यावर सगळं एकसारखं दिसतं. मंजूर साचा एका कीबोर्डवर टाइप केलेला आणि रोजचा संदेश दुसऱ्यावर, की मराठी संदेश जात नाहीत आणि इंग्रजी जातात. कारण कोणाला सापडत नाही. निष्कर्ष: "मराठीला सपोर्ट नाही." त्यामुळे साचा मंजूर झाला की तोच मजकूर कॉपी करून सिस्टिममध्ये ठेवा आणि रोज फक्त बदलते शब्द भरा, हाताने पूर्ण ओळ कधीच टाइप करू नका. साच्यात शक्यतो ऱ्य आणि ॲ येऊच न देणं त्याहून सोपं. "कर्मचाऱ्यांना" ऐवजी "सर्वांना" म्हटलं की झालं. संदेशात लिंक टाकणार असाल तर ती आधी मंजूर यादीत नोंदवावी लागते, ऑक्टोबर 2024 पासून बिगरनोंदणीच्या लिंकचे संदेश अडवले जातात.

आणखी एक जुनं दुखणं फॉन्टचं. टाइम ऑफिसातल्या संगणकावर नोटीस अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते. छापायला ठीक. पण तोच मजकूर उचलून मोबाईलवर पाठवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मग कारकून छापील कागदाचा तिरका फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. फोटो डेटा खातो, रेंज कमी असेल तर उघडतच नाही, महिन्याभराने शोधला तर सापडत नाही, आणि ज्याला वाचायला त्रास होतो त्याला फोनकडून वाचूनही घेता येत नाही. कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप सगळीकडे आहेत आणि ते बहुतेक सुपरवायझरचे खासगी आहेत. त्याने नोकरी सोडली की शिफ्टचं सगळं दळणवळणच गेलं. त्याचा कोणाशी खटका उडाला की त्या माणसाला ग्रुपमधून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी तो सात किलोमीटर सायकल मारून बंद गेटवर आला. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, पण ग्रुपमधल्या प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि लाइनवरच्या मुली याच कारणासाठी ग्रुपमध्ये येत नाहीत किंवा भावाचा नंबर देतात. त्यांच्यापर्यंत निरोप भावाला आठवला तर पोचतो. काही जण ब्रॉडकास्ट लिस्ट करतात. तिची खोच अशी की एका लिस्टमध्ये 256 च जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश जातो. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला. नंबर न दाखवता एकतर्फी सूचना द्यायच्या तर कंपनीच्या, कोणा व्यक्तीच्या नव्हे, सिमवरून चॅनल किंवा कम्युनिटी काढा. ते सिम टाइम ऑफिसच्या कपाटात राहू द्या आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा.

कियॉस्क, म्हणजे कामगाराने स्वतः पगार-रजा बघायचं पडद्याचं यंत्र, हा सध्याचा आवडता उपाय. उद्‌घाटनाला फीत कापतात, फोटो निघतो. गणित मात्र कोणी करत नाही. शिफ्टला 300 माणसं, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, एका माणसाला लॉगिन करून पगारपत्रक बघून छापायला तीन मिनिटं. म्हणजे सुट्टीत दहा माणसं, तीही न जेवता. 300 जणांना 30 दिवस लागणार आणि महिन्यात कामाचे दिवस 26. सुटल्यावर म्हणाल तर बस दहा मिनिटांत निघते. तीन मिनिटांची पाऊण मिनिट केलीत तर यंत्र कामाचं. त्यासाठी ईमेल आणि मोठा पासवर्ड काढून टाका. पंचिंगचं कार्ड टेकवा, चार आकडी पिन दाबा, पहिल्याच पडद्यावर तीन मोठी बटणं: पगार, रजा, तक्रार. टायपिंग शून्य. बोटाच्या ठशावर लॉगिन ठेवू नका. कूलंट आणि कटिंग ऑइलमध्ये हात असणाऱ्यांचे, तसेच सिमेंटच्या कामावरच्यांचे, ठसे झिजलेले असतात आणि यंत्र चार वेळा नाही म्हणतं. हातमोजे घालून टच स्क्रीन चालत नाही, म्हणून कार्ड टेकवायची जागा पडद्याच्या बाहेर हवी. कोणी तसाच निघून गेला तर तीस-चाळीस सेकंदांत आपोआप लॉगआउट झालं पाहिजे, नाहीतर पुढच्याला मागच्याचा पगार दिसतो आणि दुपारपर्यंत सगळ्या लाइनवर चर्चा. छपाईचा रोल कोण बदलणार ते नावानिशी ठरवा, कारण बंद कियॉस्कांपैकी बरेचसे निव्वळ कागद संपल्यामुळे बंद असतात. आणि यंत्र एचआरच्या केबिनसमोर ठेवू नका. तिथे उभं राहून तक्रारीचं बटण कोण दाबेल?

सगळ्यात कमी बोललं जातं ते उलट दिशेच्या निरोपाबद्दल: घरून येणाऱ्या. ऑफिसातल्या माणसाला मुलाच्या शाळेतून फोन आला की तो पाचव्या सेकंदाला उचलतो. असेंब्ली लाइनवरच्या आईला तोच निरोप साडेतीनला, शिफ्ट सुटल्यावर, अकरा मिस्ड कॉलच्या रूपात दिसतो. फोनवर बंदी ठेवायला खरी कारणं आहेत. पेंट शॉप, सॉल्व्हंटची जागा अशा स्फोटक वाफांच्या भागात साधा फोन नेताच येत नाही. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लक्ष विचलित झालं तर बोटं जातात. ग्राहक कंपनीला नव्या भागाचे फोटो बाहेर जायला नको असतात. हे सगळं मान्य. पण बंदी घातली की पर्याय देणं हे बंदी घालणाऱ्याचं काम. एक लँडलाइन किंवा एक मोबाईल, गेटवर, चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही उचलला जाणारा. नंबर ओळखपत्राच्या मागे छापलेला आणि घरच्यांसाठी वेगळी छोटी चिठ्ठी. फोन आला की वहीत तीन नोंदी: किती वाजता आला, कोणासाठी, आणि निरोप त्या माणसाला किती वाजता सांगितला. पहिली आणि तिसरी यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दुसऱ्या दिवशी विचारणा. अडतं कुठे? नवीन गार्डला कोण कुठल्या लाइनवर आहे हे माहीत नसतं. म्हणून रोजच्या शिफ्टची लाइनवार यादी गेटवर छापून जायला हवी, ठेकेदाराच्या माणसांसकट.

ठेकेदाराच्या माणसांसकट, हे जरा जोर देऊन म्हणावं लागतं. ॲपचं भाडं माणशी महिन्याला असतं, म्हणून कंत्राटी कामगारांना त्यातून वगळतात. हे उघड कारण. दुसरं कारण कुजबुजत सांगतात: कंत्राटी माणसाला कंपनीचा ईमेल, कंपनीचं ॲप, कंपनीच्या अधिकाऱ्याकडून थेट सूचना दिल्या तर उद्या तो कोर्टात "मी यांचाच कामगार" म्हणून उभा राहील, आणि ठेका नावापुरता होता असा पुरावा तयार होईल. वकील हा सल्ला खरंच देतात. त्यातून निघणारा परिणाम असा की अमोनियाची गळती झाली तर गोळा होण्याची जागा कुठली हे पर्मनंट माणसाला ॲपवर कळतं आणि त्याच्या शेजारी त्याच यंत्रावर काम करणाऱ्याला कळत नाही. वाट अशी काढता येते: पगार, रजा, हजेरी हे ठेकेदाराच्या यंत्रणेतून जाऊ द्या. सुरक्षितता, शिफ्ट बंद-चालू, बस, कँटीन, दवाखाना या सूचना गेटच्या आत असलेल्या प्रत्येकाला, एकाच मार्गाने, एकाच वेळी. आवारातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी तशीही मूळ कंपनीकडे येतेच, ती सूचना दिल्याने वाढत नाही.

धोक्याची सूचना फोनवर विसंबून ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी लाउडस्पीकरबद्दल थोडं. बोललेलं कळायला आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर लागतो. प्रेस शॉपमध्ये आधीच 90 च्या आसपास, कानात इअरप्लग. तिथे घोषणा ओरडून उपयोग नाही. फिरता लाल-पिवळा दिवा आणि ठरलेला भोंगा लावा, शब्द चहाच्या सुट्टीत बोला. वॉकी-टॉकी ऑनलाइन स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका: विनापरवाना वापरता येतात ते 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झमधले, अर्ध्या वॉटपर्यंतचे आणि मंजुरी असलेले संच. पाच वॉटचे ते आकर्षक सेट परवान्याशिवाय बेकायदा आहेत.

नोटीस बोर्डाला हसू नका. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 108 ने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य दाराशी ठळक जागी लावायला सांगितलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी श्रमसंहिता लागू झाल्या, तरी इंट्रानेटवर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर, टाकलं म्हणजे लावलं, असा अर्थ कोणी काढू नये. जुन्या कायद्यातल्या "बहुसंख्य" शब्दात एक फट होतीच: इंग्रजी आणि मराठी लावली की कागद पुरा व्हायचा, आणि पेंट शॉपमधले चाळीस ओडिया मुलगे कागदाबाहेर राहायचे. बोर्डावर अकरा पॉइंटच्या अक्षरात ए-फोर कागद लावणं म्हणजे न लावणं. उभ्या उभ्या, चालता चालता वाचायचंय. चोवीस पॉइंट, कमाल आठ ओळी, आणि खाली "या तारखेला काढणे". ती शेवटची ओळ नसली की बोर्डावर दोन वर्षांपूर्वीची दिवाळी सुट्टी आणि उद्याचं मॉक ड्रिल शेजारी शेजारी लटकतात.

बोर्डावर क्यूआर कोड चिकटवायची नवी पद्धत आली आहे. "तक्रार किंवा सूचना द्यायची असल्यास स्कॅन करा." बोर्ड शॉप फ्लोअरवर, जिथे फोन न्यायला बंदी. यावर काय बोलायचं.

आणि वर जाणारा निरोप हाच सगळ्यात अडलेला असतो. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात, तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत कोण आहे तो आदेश आणि छळाचे परिणाम काय, हे ठळक जागी लावायचं बंधन आहे. तक्रार लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. प्रत्यक्षात पॉलिसी इंग्रजी पीडीएफमध्ये आणि तक्रारीसाठी एकच ईमेल पत्ता. सफाईच्या, कँटीनच्या, पॅकिंगच्या बायकांकडे ईमेल नाही. तिथे समितीतल्या दोघींची नावं, फोटो, मोबाईल नंबर आणि त्या कुठे बसतात हे बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर लावलंत तर ते वाचत उभं राहताना सगळी लाइन बघते.

तक्रार निवारण समितीचंही तसंच. 20 किंवा जास्त कामगार असतील तर ती असायला हवी आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे असतात. पण अजेंडा ईमेलने जातो. व्यवस्थापनाचे सदस्य तो आदल्या रात्री वाचून, आकडे काढून येतात. कामगारांच्या सदस्यांना तो बैठकीत बसल्यावर दिसतो, तोही प्रोजेक्टरवर, इंग्रजीत. छापील अजेंडा मराठीत तीन दिवस आधी हातात द्या आणि सही घ्या. इतिवृत्तावर प्रत्येक मुद्द्यापुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहून बैठकीनंतर 48 तासांत बोर्डावर लावा. पुढच्या बैठकीचा पहिला अर्धा तास त्याच कागदावर जाऊ द्या.